आंघोळीला ‘नको’ का?

प्रश्न: माझी ८१ वर्षांची आई स्मृतिभ्रंशामुळे वृद्धनिवासात राहते. आंघोळीच्या वेळी ती ओरडते, केअरटेकरचे हात ओरबाडते. फायलीत ‘आक्रमक’ असा शेरा आहे. आता आंघोळीआधी शांत करणारं औषध देऊ, असं सुचवलंय. होकार द्यावा का?

उत्तर: लगेच देऊ नका. अशा औषधांनी तोल जाऊन पडण्याचा धोका वाढतो. त्यातली अँटिसायकॉटिक (भास-भ्रमांवर दिल्या जाणाऱ्या) गटातली औषधं तर स्मृतिभ्रंश झालेल्या वृद्धांमध्ये पक्षाघाताचा आणि मृत्यूचाही धोका वाढवतात. हे वागणं चार-दोन दिवसांतच सुरू झालं असेल, तर लघवीचा संसर्ग, बद्धकोष्ठता किंवा कुठे दुखतंय का, हे डॉक्टरांकडून आधी तपासून घ्या.

आई फक्त आंघोळीलाच चिडत असेल, तर कारण बहुधा आंघोळीतच सापडेल. ओरडणं नेमकं कधी सुरू होतं, हे केअरटेकरला टिपून ठेवायला सांगा. कपडे काढताना असेल, तर थंडी किंवा लाज. हात वर करताना असेल, तर दुखरा खांदा. डोक्यावर पाणी पडताच असेल, तर ते कुठून आलं हेच तिला उमगत नाही. मग ‘आक्रमक’ खोडून ‘उजवा हात उचलला की ओरडतात’ असं लिहून घ्या. या शेऱ्यावर उपाय करता येतो, ‘आक्रमक’वर फक्त गोळी सुचते.

रोज पूर्ण आंघोळ लागतेच असं नाही. आठवड्यातून दोनदा पुरते. काखा, जांघा आणि गुप्तांग मात्र रोज स्वच्छ व्हायला हवेत. खोली आधी उबदार करावी. पाणी थर्मामीटरने मोजून ३८ ते ४० अंश सेल्सिअस ठेवावं, कारण उतारवयातली पातळ त्वचा पटकन भाजते. अंग टॉवेलने झाकलेलंच ठेवून, धुवायचा तेवढाच भाग उघडावा. सुरुवात पायांपासून करावी, चेहरा शेवटी. केस दुसऱ्या दिवशी. आईच्या हातात ओला रुमाल द्यावा, जमेल तेवढं तिचं तिला पुसू द्यावं. सांधे दुखत असतील, तर डॉक्टरांना विचारून वेदनाशामक गोळी अर्धा ते एक तास आधी देता येते. तरीही ‘नको’ आलं, तर थांबावं आणि वीस मिनिटांनी पुन्हा विचारावं. धरून-दाबून घातलेली एक आंघोळ पुढच्या कित्येक आंघोळी बिघडवते.

प्रश्न: मी केअरटेकर आहे. सकाळी १२ जणांचं आवरायचं असतं. प्रत्येकाच्या कलाने घ्या म्हणतात, पण वेळ कुठून आणू?

उत्तर: तुमची अडचण खरी आहे आणि ती एकट्या तुमच्या चांगुलपणाने सुटणारी नाही. व्यवस्थापनाकडे दोन गोष्टी मागा. एक, रोज तीच माणसं तुमच्याकडे असावीत. चेहरा ओळखीचा झाला की नकार कमी होतात. दोन, सगळ्यांना एकाच ठोक्याला उठवण्याऐवजी नाश्ता ७ ते १० असा खुला ठेवावा. उशिरा उठणारे झोपू दिले, तर लवकर उठणाऱ्यांना तुमचा वेळ मिळतो. अपवाद औषधांचा: पार्किन्सन्सच्या गोळ्या ठरल्या वेळीच द्याव्या लागतात आणि जेवणाआधीच्या इन्सुलिनची सांगड जेवणाशी घालावी लागते. अशा व्यक्तींची नावं वेगळी लिहून ठेवा.

शिवाय प्रत्येकाच्या कपाटाच्या दाराला आतून एक कागद लावा, म्हणजे तो येणाऱ्या-जाणाऱ्याला दिसणार नाही. त्यावर कोणत्या नावाने हाक मारलेली आवडते, पूर्वी काय काम करत असत, कशाची भीती वाटते, रडू आलं की कशाने शांत होतात, एवढं नातेवाइकांना विचारून लिहा. ‘संगीत आवडतं’ असं मोघम नको. कोणतं आणि कोणत्या वेळी, ते हवं. दर तीन महिन्यांनी कागद तपासा, आवडी बदलतात.

प्रश्न: वडिलांना काय हवं ते विचारलं, तर ते नुसतेच बघत राहतात.

उत्तर: ‘काय घालणार?’ असं विचारू नका. दोनच सदरे समोर धरा, थोडक्यात विचारा आणि निदान दहा सेकंद गप्प राहा. नजर कुठे थांबते किंवा हात कुठे जातो, ते त्यांचं उत्तर.