ऑनलाइन आयटीची डिग्री : कंपन्या धरतात का?

तुम्ही विचारलंय : वय २६, बी.कॉम., पुण्यात बॅक ऑफिसला नोकरी; घरबसल्या बीसीए किंवा एमसीए (कॉम्प्युटरची पदवी किंवा त्यापुढची पदव्युत्तर पदवी) केलं तर कंपन्या धरतात का? एरवी मी इथे नुसता वाचून जातो. 'घरबसल्या' हा शब्द दिसला म्हणून लिहायला बसलो.

२००९ साली मी इचलकरंजीत एका यंत्रमागवाल्याकडे दिवाणजी होतो. बिमांचा (मागाला लावायच्या सुताच्या मोठ्या रिळांचा) हिशेब, कापडाचे मीटर, कामगारांचा पगार. त्या वर्षी इग्नूच्या, म्हणजे इंदिरा गांधी मुक्त विद्यापीठाच्या, बीसीएला नाव घातलं. पुढच्याच महिन्यात भाचीचं बारसं होतं. तिथे आमचे दाजी (मेकॅनिकल इंजिनिअर, तेही रेग्युलर कॉलेजचे) सगळ्या पाव्हण्यांसमोर म्हणाले, "काय रे, डिग्री पोस्टानं येती व्हय तुझी?" सगळे हसले. पुस्तकं खरंच पोस्टानं यायची, त्यामुळे बोलायला जागाच नव्हती.

दाजींना दिसलं नाही ते सांगतो. असाइनमेंट हातानं लिहून द्यायच्या. प्रात्यक्षिकांना ७० टक्के हजेरी सक्तीची, त्यासाठी रविवारी पहाटेची एसटी धरून कोल्हापूर. परीक्षा जूनला आणि डिसेंबरला, हॉलमध्ये बसून, चिठ्ठीचपाटी न करता. आणि अभ्यास कुठे, तर मागाच्या शेजारच्या खोलीत. माग चालू असले की शेजारच्या माणसाचंही ऐकू येत नाही. लोडशेडिंग झालं की माग थांबायचे, एकदम शांत व्हायचं, पण मग कॉम्प्युटरही बंद! शेवटी मी सी या कॉम्प्युटर-भाषेतले प्रोग्रॅम जुन्या चलनबुकाच्या पाठकोऱ्या कागदांवर लिहायला लागलो. कोणत्या ओळीनंतर कोणत्या व्हेरिएबलमध्ये (किंमत ठेवायच्या नावाच्या खणात) काय आहे, ते पेन्सिलीनं मांडत जायचं. दिवे आले की टाइप करून ताळा बघायचा. कामगार म्हणायचे, दिवाणजी पत्रिका मांडतोय.

तीन वर्षांची डिग्री मला साडेचार वर्षं पुरली. पुढे पुण्यातल्या एका कंपनीत लेखी परीक्षा पास झालो, तर एचआरच्या बाईंनी फॉर्म परत दिला, "आम्ही फक्त फुल टाइम घेतो." दुसरीकडे मात्र मुलाखतीला बसलेल्या माणसानं कोरा कागद पुढे सरकवला आणि लिंक्ड लिस्ट (एकमेकांना साखळीसारखी जोडलेली माहितीची यादी) उलटी करायचा प्रोग्रॅम लिहायला सांगितला. माझ्या आधीची दोन रेग्युलर पोरं कीबोर्ड मागत होती. मी पेन्सिल मागितली. ती नोकरी मिळाली, आज त्याच लायनीत आहे.

आता तुमचा प्रश्न. मान्यतेची भीती धरू नका. युजीसीनं (विद्यापीठांवर देखरेख ठेवणाऱ्या केंद्राच्या आयोगानं) सप्टेंबर २०२२ मध्ये स्पष्ट केलंय की मान्यताप्राप्त विद्यापीठाची ऑनलाइन किंवा दूरस्थ पदवी रेग्युलरच्या बरोबरीची. सरकारी परीक्षांना तेवढं पुरतं. खाजगी कंपनीला मात्र कोणी जबरदस्ती करू शकत नाही, ती आपली चाळणी लावणारच. पहिल्या नोकरीला ही चाळणी टोचते; दोन-तीन वर्षं काम केल्यावर मला तरी डिग्री कुठली हे कोणी विचारलेलं नाही.

फसवणूक होते ती दुसरीकडे. युजीसीच्या दूरशिक्षण ब्युरोच्या वेबसाइटवर विद्यापीठाचं नाव बघा, आणि नुसतं नाव नको, तुमचा कोर्स आणि तुमच्या प्रवेशाचं वर्ष बघा. प्रवेशाआधी डीईबी आयडी (याच ब्युरोचा विद्यार्थी-ओळख क्रमांक) तुमचा तुम्ही काढा, एजंटाच्या हातात देऊ नका. आणि 'ऑनलाइन बी.टेक.' कोणी विकत असेल तर फोन ठेवून द्या. इंजिनिअरिंग या पद्धतीनं चालतच नाही. २००१ ते २००५ या काळात काही अभिमत विद्यापीठांत प्रवेश घेऊन दूरस्थ पद्धतीनं मिळवलेल्या इंजिनिअरिंग पदव्यांचं सुप्रीम कोर्टानं २०१७ मध्ये काय केलं ते वाचा, झोप उडेल.

दाजींचं राहिलंच की. त्यांचा थोरला बारावीनंतर आयआयटी मद्रासच्या डेटा सायन्सच्या बीएसला आहे. हा कोर्स २०२० मध्ये सुरू झाला. शिकवणं सगळं ऑनलाइन, परीक्षा केंद्रावर जाऊन, जेईई लागत नाही. चांगलाच कोर्स आहे, पोरगं रात्री दोनपर्यंत जागतं. पण दाजी गावभर सांगतात, "आमचा आयआयटीत आहे." गेल्या गणपतीत मी विचारलं, "दाजी, आता डिग्री पोस्टानं येणार का कुरिअरनं?" ताई माझ्यावर डाफरली. दाजींनी मोदक उचलला आणि पावसाचा विषय काढला.

दोन गोष्टी आधीच सांगायला हव्या होत्या. माझं ते दूरस्थ होतं, आजच्या भाषेत ऑनलाइन नव्हे; युजीसीच्या लेखी या दोन वेगळ्या पद्धती आहेत. आणि साडेचार वर्षं मागाच्या आवाजामुळे लागली नाहीत. डेटा स्ट्रक्चर (माहितीची मांडणी) या विषयात मी दोनदा उडालो. दुसऱ्यांदा तर अभ्यासच केला नव्हता, विचारणारं कोणी नव्हतं म्हणून. हे दाजींना अजून माहीत नाही.

तुमचं वय १८ असतं आणि घरची ऐपत असती, तर सरळ कॉलेजात जा म्हटलं असतं. २६ व्या वर्षी पगार सोडू नका. पदवी आहेच, मग पुन्हा तीन वर्षं बीसीए कशाला, एमसीएकडे बघा. पण तिथे बहुतेक ठिकाणी बारावीला किंवा पदवीला गणित होतं का ते बघतात. तुम्हाला होतं का, ते लिहा. त्यावर पुढचं सांगतो.