वाचकांचे प्रश्न : विमानप्रवासाचे कार्बन उत्सर्जन आणि पीएचडीचे संशोधन

प्रश्न : माझ्या मुलीने पुण्यातून यांत्रिकी अभियांत्रिकीत एम.टेक. केले आहे. ब्रिटनमध्ये क्रॅनफिल्ड विद्यापीठाच्या नेतृत्वाखाली ‘नेट झीरो’, म्हणजे निव्वळ शून्य उत्सर्जनाच्या, विमानवाहतुकीसाठी पीएचडीचे प्रशिक्षण केंद्र सुरू झाल्याचे तिने वाचले असून तिथे अर्ज करण्याचा तिचा विचार आहे. नेहमीची पीएचडी आणि अशा केंद्रातली पीएचडी यांत फरक काय? चार वर्षे द्यावीत असे हे काम आहे का? — एक पालक, कोल्हापूर

उत्तर : फरक आहे आणि तो केवळ नावाचा नाही. ब्रिटनच्या संशोधन-निधी यंत्रणेने मार्च २०२४ मध्ये पीएचडी प्रशिक्षणाची ६५ केंद्रे जाहीर केली. शासन, विद्यापीठे आणि उद्योग यांचा वाटा धरून त्यांच्यासाठीची एकूण रक्कम एक अब्ज पौंडांच्या वर जाते. आपण म्हणता ते केंद्र त्यांपैकीच एक होय. नेहमीच्या पद्धतीत विद्यार्थी एका मार्गदर्शकाकडे, एका विषयावर, बहुतांशी एकट्यानेच काम करतो. केंद्रात मात्र वेगवेगळ्या शाखांतून आलेल्या विद्यार्थ्यांची एक तुकडी एकाच वेळी दाखल होते, सुरुवातीला काही अभ्यासक्रम एकत्र शिकते आणि त्यानंतर प्रत्येक जण आपापल्या प्रबंधाच्या विषयाकडे वळतो. उद्योगातील मंडळी परीक्षक म्हणून शेवटी येत नाहीत, तर विषय ठरवण्यापासूनच सोबत असतात. केंब्रिज, ऑक्सफर्ड आणि लफबरो या विद्यापीठांचे प्रॉपल्शनविषयक, म्हणजे विमानाला पुढे ढकलणाऱ्या इंजिनांविषयीचे, केंद्रही याच धर्तीवर चालते.

हा खटाटोप कशासाठी, हे हायड्रोजनच्या उदाहरणावरून स्पष्ट होईल. एक किलो हायड्रोजनमध्ये विमानाच्या केरोसीनच्या जवळपास तिप्पट ऊर्जा असते, त्यामुळे कागदावर हे इंधन आदर्श वाटते. परंतु ते द्रवरूपात ठेवायचे तर उणे २५३ अंश सेल्सिअस तापमान राखावे लागते आणि तेवढीच ऊर्जा वाहून नेण्यासाठी केरोसीनच्या सुमारे चौपट जागा लागते. आजच्या विमानांत इंधन मुख्यतः पंखांत भरलेले असते. द्रव हायड्रोजनची जाड, उष्णतारोधक टाकी तिथे मावत नाही, ती विमानाच्या धडातच ठेवावी लागते. टाकी धडात आली की प्रवाशांच्या जागा कमी होतात, विमानाचा गुरुत्वमध्य सरकतो, अपघातातून बचावाच्या नियमांचा नव्याने विचार करावा लागतो आणि विमानतळावर इंधन भरण्याची सारी व्यवस्थाच बदलते. टाकीच्या धातूवर संशोधन करणाऱ्याला यांतले काहीच ठाऊक नसेल, तर तो अप्रतिम टाकी तयार करील, पण ती कोणत्याही विमानात बसणार नाही. शेजारच्या टेबलावर विमानतळाच्या व्यवस्थेवर किंवा हवामानावर काम करणारा विद्यार्थी बसलेला असणे, हाच या प्रशिक्षणाचा गाभा आहे असे मला वाटते. अभ्यासक्रमांची यादी त्यामानाने गौण आहे.

क्रॅनफिल्डची आणखी एक जमेची बाजू म्हणजे तिथे विद्यापीठाचा स्वतःचा विमानतळ आहे. १९४६ साली वैमानिकीचे महाविद्यालय म्हणून ही संस्था सुरू झाली आणि आजही तिथे केवळ पदव्युत्तर शिक्षणच दिले जाते. सप्टेंबर २०२० मध्ये झीरोएव्हिया या कंपनीने हायड्रोजन फ्युएल सेलवर, म्हणजे हायड्रोजनपासून वीज तयार करणाऱ्या उपकरणावर, चालणारे सहा आसनी पायपर विमान याच धावपट्टीवरून उडवले होते. सहा आसनांवरून दीडशे आसनांवर जाणे मात्र फार दूरचे आहे. २०३५ पर्यंत हायड्रोजनवरचे प्रवासी विमान सेवेत आणण्याचे उद्दिष्ट एअरबसने २०२० मध्ये जाहीर केले होते. २०२५ च्या आरंभी ते पुढे ढकलण्यात आले. आपल्या मुलीचा प्रबंध पूर्ण होईल तेव्हा असे विमान मुंबईच्या धावपट्टीवर उभे असेल, अशी अपेक्षा तिने ठेवू नये.

चार वर्षे द्यावीत का, या प्रश्नाचे उत्तर यावरच अवलंबून आहे. ‘हरित’ या शब्दाच्या आकर्षणाने जाणाऱ्याचा दुसऱ्या वर्षी हिरमोड होतो. अतिशीत द्रवाची टाकी, उष्णतेचे वहन, ज्वलनाची स्थिरता अशा प्रश्नांतच ज्याला गोडी वाटते, त्याची चार वर्षे वाया जात नाहीत, कारण विमान लांबणीवर पडले तरी हे ज्ञान अवकाश, ऊर्जा आणि जहाजबांधणी या क्षेत्रांत उपयोगी पडते. मुलीला एवढेच विचारून पाहावे की विमान हा शब्द काढून टाकला तरी तिला हा विषय करावासा वाटतो का.

प्रश्न : मी परभणीच्या महाविद्यालयात रसायनशास्त्र शिकवते. माझे काही विद्यार्थी एम.एस्सी.नंतर संशोधनाकडे जाऊ इच्छितात. विमानांचे उत्सर्जन कमी करणे हा विषय वैमानिकी अभियंत्यांपुरताच आहे की रसायनशास्त्राच्या विद्यार्थ्यालाही तिथे स्थान आहे? — एक प्राध्यापिका, परभणी

उत्तर : मॅडम, पुढची काही दशके तरी या विषयात सर्वांत जास्त काम रसायनशास्त्रालाच आहे असे माझे मत आहे. बॅटरीचा पर्याय पाहावा तर एक किलो केरोसीनमध्ये सुमारे १२ किलोवॉट-तास ऊर्जा असते आणि आजच्या लिथियम-आयन बॅटरीच्या संचात किलोमागे पाव किलोवॉट-तासाच्या आसपास. विद्युत मोटरची कार्यक्षमता जेट इंजिनाहून बरीच अधिक असते हे मान्य केले तरी ही दरी बुजत नाही. शिवाय इंधन जळत जाते तसे विमान हलके होते, बॅटरी मात्र उतरेपर्यंत तेवढीच जड राहते. त्यामुळे लांब पल्ल्याच्या विमानांना द्रवरूप इंधनाशिवाय तूर्त पर्याय नाही आणि ते इंधन खनिज तेलाऐवजी दुसऱ्या कशापासून तरी तयार करायचे, एवढाच मार्ग उरतो. अशा इंधनाला शाश्वत विमान इंधन म्हणतात. या क्षेत्रातील लोक सर्रास एसएएफ म्हणतात.

त्यातला एक बारकावा आपल्या विद्यार्थ्यांना नक्की आवडेल. वापरलेल्या खाद्यतेलावर हायड्रोजनची प्रक्रिया करून मिळणाऱ्या इंधनात जवळपास सगळी पॅराफिने (कार्बनच्या साखळ्यांचे रेणू) असतात, अॅरोमॅटिक संयुगे (बेंझिनसारखी कार्बनच्या वलयांची) नसतात. एरवी ही चांगलीच गोष्ट, कारण अॅरोमॅटिक संयुगांमुळे जळताना काजळी जास्त होते. पण विमानाच्या इंधनप्रणालीतील काही रबरी सील याच संयुगांमुळे किंचित फुगतात आणि त्या फुगण्यामुळेच सांधे घट्ट राहतात. अॅरोमॅटिक संयुगे अजिबात नसलेले इंधन भरले तर सील आकसून गळतीचा धोका उद्भवतो. नेहमीच्या विमानांत असे कृत्रिम इंधन जास्तीत जास्त ५० टक्के मिसळण्याची मर्यादा आहे, त्यामागचे हे एक महत्त्वाचे कारण. व्हर्जिन अटलांटिकने २८ नोव्हेंबर २०२३ रोजी लंडनहून न्यूयॉर्कला बोइंग ७८७ विमान संपूर्णपणे एसएएफवर नेले, त्यासाठी खास परवानगी घ्यावी लागली होती. त्या इंधनात ८८ टक्के भाग तेल व चरबीपासून बनवलेला होता आणि उरलेले १२ टक्के मुद्दाम मिसळलेले कृत्रिम अॅरोमॅटिक केरोसीन होते. काजळी होऊ नये इतकी कमी आणि सील फुगावेत इतकी पुरेशी अॅरोमॅटिक संयुगे कोणती व किती, हा प्रश्न निव्वळ रसायनशास्त्राचा आहे आणि त्याच्या एकेका पैलूवर स्वतंत्र प्रबंध होऊ शकतो.

महाराष्ट्राचा या विषयाशी येणारा संबंध उसाचा आहे. इथेनॉलमधून पाण्याचा रेणू काढून इथिलीन करायचे, इथिलीनचे लहान रेणू जोडून लांब साखळ्या बनवायच्या आणि शेवटी त्यांवर हायड्रोजनची प्रक्रिया करायची, म्हणजे विमानाला चालणारे इंधन मिळते. या प्रत्येक टप्प्याला उत्प्रेरक लागतो आणि तो किती दिवस टिकतो यावर कारखान्याचे गणित ठरते. मे २०२३ मध्ये पुण्याहून दिल्लीला गेलेल्या एअरएशिया इंडियाच्या विमानात देशी कच्च्या मालापासून बनवलेले एसएएफ एक टक्क्यापर्यंत मिसळले होते. पुण्याच्या प्राज इंडस्ट्रीजने इंडियन ऑइलच्या सहकार्याने तो प्रयोग केला. त्याआधी ऑगस्ट २०१८ मध्ये डेहराडून ते दिल्ली हे उड्डाण जट्रोफा या वनस्पतीच्या बियांच्या तेलापासून केलेल्या इंधनाच्या मिश्रणावर झाले होते आणि त्याचे तंत्रज्ञान डेहराडूनच्या भारतीय पेट्रोलियम संस्थेचे होते. मात्र उसाच्या बाबतीत पाणी, जमीन आणि पेट्रोलमधील इथेनॉलची मागणी यांचा हिशेब मांडल्याशिवाय इंधन ‘शाश्वत’ ठरत नाही. हा जीवनचक्राचा, म्हणजे पीक घेण्यापासून इंधन जळेपर्यंतचा, हिशेब प्रामाणिकपणे करणारे संशोधक आपल्याकडे फार थोडे आहेत. मराठवाड्यातल्या विद्यार्थ्याला उसाच्या पाण्याचा प्रश्न पुस्तकातून शिकावा लागत नाही, हे त्याचे बलस्थान समजावे.

परदेशी जाणे आवश्यकच आहे असेही नाही. डेहराडूनची ही संस्था, पुण्याची राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा, बंगळुरूची भारतीय विज्ञान संस्था, ज्वलनाचे राष्ट्रीय केंद्र असलेले आयआयटी मद्रास आणि आयआयटी मुंबईचा वैमानिकी विभाग इथे या विषयाशी निगडित काम करता येते.

प्रश्न : विमानांचे प्रदूषण कमी करण्यासाठी डॉक्टरेट मिळवलेल्यांची फौज तयार करण्यापेक्षा लोकांनी विमानाने कमी फिरावे, हे सोपे नाही का? शिवाय विमान कंपन्यांच्या पैशातून तयार झालेले संशोधक विमान कंपन्यांना अडचणीचे ठरेल असे काही कधी लिहितील का? — एक वाचक, ठाणे

उत्तर : आपल्या पहिल्या शंकेत तथ्य आहे. गेल्या काही दशकांत प्रवाशामागे प्रतिकिलोमीटर लागणारे इंधन सातत्याने कमी झाले, तरी कोविडपूर्वी एकूण उत्सर्जन वाढतच होते, कारण प्रवासी त्याहून वेगाने वाढले. २०२४ मध्ये जगभरात एसएएफचे उत्पादन सुमारे दहा लाख टन झाले. विमानांच्या एकूण इंधनात हा वाटा ०.३ टक्के भरतो. युरोपीय संघाने २०२५ पासून २ टक्के, २०३० पासून ६ टक्के आणि २०५० मध्ये ७० टक्के अशी सक्ती केली आहे. आकडे समोरासमोर ठेवले की केवळ इंधनाच्या भरवशावर राहता येणार नाही हे उघड होते. पण ज्या देशांत बहुसंख्य लोकांनी विमानात अजून पाऊलही ठेवलेले नाही, तिथे ‘कमी फिरा’ हे नेमके कोणी कोणाला सांगायचे, हा प्रश्न मला आपल्या सूचनेइतका सोपा वाटत नाही.

शिवाय कार्बन डायऑक्साइड म्हणजे या विषयाचा केवळ एक भाग आहे. विमानामागे दिसणारे पांढरे पट्टे इंजिनातील काजळीच्या कणांभोवती गोठलेल्या बाष्पाचे असतात. हवेचा थर पुरेसा थंड आणि दमट असला तर ते पसरून तासन्‌तास टिकतात आणि पृथ्वीवरून बाहेर जाणारी उष्णता अडवतात. विमानवाहतुकीमुळे होणाऱ्या एकूण तापमानवाढीत अशा कार्बनेतर परिणामांचा वाटा बराच मोठा मानला जातो, मात्र त्याच्या मोजमापात अनिश्चितताही तितकीच मोठी आहे. थोड्याच उड्डाणांमुळे बहुतेक हानी होते, असे दिसते. मग ती उड्डाणे थोड्या कमी-अधिक उंचीवरून नेली तर? त्यासाठी जास्तीचे इंधन किती जळेल? दमट थर कुठे आहे हे आदल्या दिवशी खात्रीने सांगता येईल का? याचे उत्तर देण्यासाठी हवामानशास्त्र, ज्वलन आणि हवाई वाहतूक नियंत्रण या तिन्हींची जाण असलेली माणसे लागतात आणि ती आपोआप तयार होत नाहीत.

दुसरी शंका अधिक बोचरी आहे आणि तिला टोलवाटोलवीचे उत्तर देऊ नये. उद्योगाच्या पैशाने विषय निवडले जातात तेव्हा इंजिन, इंधन आणि टाकी यांवर प्रबंध सहज होतात. मागणी, तिकिटांवरील कर किंवा रेल्वेचा पर्याय यांवर क्वचितच. म्हणून अशा जागेसाठी अर्ज करणाऱ्याने आधीच लेखी विचारून घ्यावे की विषय कोण ठरवणार, माहितीवर मालकी कोणाची राहणार आणि निष्कर्ष प्रसिद्ध करण्यास कंपनी किती काळ अडवू शकते. या प्रश्नांनी जो मार्गदर्शक चिडतो, त्याच्याकडे न गेलेले बरे.

प्रश्न : युरोप व ब्रिटनमधील अशा जागांसाठी भारतीय विद्यार्थ्यांना काही वेगळ्या अटी असतात का? — एक विद्यार्थी, पणजी

उत्तर : युरोपीय संघाच्या संशोधक-प्रशिक्षणाच्या मारी क्युरी योजनेतील डॉक्टरल नेटवर्कमध्ये (अनेक संस्थांनी मिळून चालवलेल्या पीएचडी कार्यक्रमात) कोणत्याही देशाच्या नागरिकाला अर्ज करता येतो. अट इतकीच की नेमणुकीच्या आधीच्या ३६ महिन्यांत १२ महिन्यांहून अधिक काळ त्या यजमान देशात वास्तव्य वा मुख्य काम केलेले नसावे. म्हणजे जर्मनीत नुकतेच एम.एस. पूर्ण केलेल्याला जर्मनीतली जागा मिळणार नाही, नेदरलँड्समधली मिळू शकेल. तिथे संशोधकाला शिष्यवृत्तीऐवजी रीतसर नोकरीचा करार मिळतो. ब्रिटनमध्ये शासकीय निधीच्या जागांपैकी साधारण ३० टक्क्यांपर्यंतच परदेशी विद्यार्थ्यांना देता येतात, त्यामुळे चुरस तीव्र असते. वैमानिकी विषयांसाठी भारतीयांना व्हिसाच्या अर्जाआधी ‘एटास’ नावाची सुरक्षाविषयक मंजुरीही घ्यावी लागते. तिला काही आठवडे लागू शकतात आणि तिच्यासाठी संशोधनाचा नेमका विषय लिहून द्यावा लागतो, म्हणून प्रवेशाचे पत्र हाती येताच विद्यापीठाकडून विषयाचा तपशील मागवून घ्यावा.