वाचकांचे प्रश्न : मोबाइल क्रमांकाचा रकाना आणि टेबलाची रचना

प्रश्न : आमच्या गावातील बागायतदार हापूसच्या पेट्या एकत्र गाडी करून वाशीच्या बाजारात पाठवतात. त्यांचा हिशेब मी मायएसक्यूएल या डेटाबेस प्रणालीत ठेवू लागलो. एकाच टेबलात नाव, मोबाइल क्रमांक, पेट्या आणि दलालाच्या पट्टीची रक्कम असे रकाने केले. आता सगळ्यांचा मोबाइल क्रमांक २१४७४८३६४७ असाच दिसतो. गावाचा रकाना करायचाही राहून गेला. टेबल काढून टाकून नव्याने करावे का?
— एक वाचक, देवगड तालुका

उत्तर : टेबल काढून टाकू नका. आपण मोबाइल क्रमांकाचा रकाना ‘इंट’ (पूर्णांक) प्रकारचा केला असणार. त्याला चार बाइट जागा मिळते आणि तीत मावणारी सर्वांत मोठी संख्या २१४७४८३६४७ ही आहे. आपल्याकडचे दहा अंकी मोबाइल क्रमांक ६ ते ९ या अंकांनी सुरू होतात, म्हणजे त्यांतला एकही तिथे मावत नाही. ‘स्ट्रिक्ट मोड’ चालू असता तर मायएसक्यूएलने नोंद नाकारली असती. तो बंद असल्यामुळे मर्यादेचा आकडा लिहून केवळ इशारा दिला गेला. खेदाची गोष्ट अशी की मूळ क्रमांक टेबलात कधी पोहोचलेच नाहीत, त्यामुळे रकान्याचा प्रकार बदलूनही ते परत येणार नाहीत आणि वहीतूनच पुन्हा भरावे लागतील.

ज्या आकड्यांची बेरीज-वजाबाकी कधीच करायची नसते, ते मजकूर म्हणून ठेवावेत, असे माझे ठाम मत आहे. मोबाइल क्रमांक आणि पिनकोड ‘व्हारकॅर’ या मजकुराच्या प्रकारात असावेत, पट्टीची रक्कम मात्र ‘डेसिमल’मध्ये ठेवावी, कारण ‘फ्लोट’मध्ये पैशांचा हिशेब तंतोतंत राहत नाही. देवनागरी नावांना लांबी देताना हात सैल ठेवा. ‘रत्नागिरी’ हा शब्द आपल्याला चार अक्षरांचा वाटतो, पण मात्रा, वेलांटी आणि हलन्त स्वतंत्र मोजले जात असल्याने डेटाबेसच्या हिशेबी तो नऊ अक्षरांचा होतो. संपूर्ण नावाला वीसची मर्यादा त्यामुळे अपुरी पडते.

आधी संपूर्ण डेटाबेसची प्रत काढून ठेवा आणि मगच टेबलाची रचना बदलणारी ‘ऑल्टर टेबल’ ही आज्ञा चालवा. प्रकार बदलणाऱ्या ‘मॉडिफाय’मध्ये रकान्याची व्याख्या पूर्ण लिहावी लागते, पूर्वीचे ‘नॉट नल’ (रकाना मूल्याविना ठेवू न देणारे बंधन) पुन्हा लिहायला विसरलात तर ते बंधन निघून जाते. गावाचा रकाना ‘ॲड कॉलम’ने जोडताना तो लगेच ‘नॉट नल’ करू नका. तसे केल्यास मायएसक्यूएल जुन्या नोंदींत रिकामा मजकूर घालते, आणि बंधन पाळले गेल्यासारखे दिसूनही गाव कुठेच भरलेले नसते. रकाना आधी मोकळा जोडावा, गावे भरावीत, एकही नोंद सुटलेली नाही हे पाहावे आणि त्यानंतर बंधन घालावे.

खरे पाहता गाव हे बागायतदाराचे असते, पेट्यांच्या खेपेचे नव्हे. संगणकशास्त्रज्ञ एडगर कॉड यांनी १९७० मध्ये मांडलेल्या, टेबलांवर आधारलेल्या रिलेशनल पद्धतीतून आलेले एक मुख्य तत्त्व असे की एक गोष्ट एकाच ठिकाणी लिहावी. म्हणून ‘क्रिएट टेबल’ने बागायतदारांचे वेगळे टेबल करा, प्रत्येकाला प्रायमरी की (ओळख पटवणारे एकमेव मूल्य) म्हणून क्रमांक द्या आणि खेपांच्या टेबलात नावाऐवजी तो क्रमांक फॉरेन की (बागायतदारांच्या टेबलाशी जोडणारा दुवा) म्हणून ठेवा. मग यादीत नसलेल्या माणसाच्या नावे पेटी चढणार नाही, आणि कोणाचा मोबाइल बदलला तर एकाच ओळीत दुरुस्ती करावी लागेल. हंगाम सुरू होण्यापूर्वी एवढे काम अवश्य उरका.

प्रश्न : गेल्या हंगामाच्या नोंदी काढण्यासाठी ‘डिलीट’, ‘ट्रंकेट’ आणि ‘ड्रॉप’ यांपैकी काय वापरावे?
— एक वाचक, गुहागर

उत्तर : ‘डिलीट’च, आणि तेही ‘व्हेअर’ची अट घालून. ‘ट्रंकेट’ सगळ्या ओळी काढते व आपोआप पडणारे क्रमांक पुन्हा एकपासून सुरू करते. ‘ड्रॉप’ने टेबलाची रचनाही जाते. मायएसक्यूएलमध्ये या दोन्ही आज्ञा, तसेच ‘ऑल्टर’सुद्धा, चालवताक्षणी कायम होतात आणि ‘रोलबॅक’ने मागे घेता येत नाहीत. ‘डिलीट’ मात्र ‘स्टार्ट ट्रान्झॅक्शन’ लिहून चालवल्यास किती ओळी गेल्या ते पाहून ‘कमिट’ने बदल कायम करावा की ‘रोलबॅक’ने मागे फिरावे, हे आपल्या हातात राहते.