नांगर घालायचाच असेल तर

नांगर बंद ठेवलेल्या रानात हराळीचं तण बांधाकडून आत सरकलं म्हणून सगळं रान नांगरू नकोस बाबा. तेवढाच पट्टा मे महिन्यात उकर, काशा, म्हणजे तिची जमिनीखालची खोडं, वेचून बांधावर वाळव.

आधी माती तपास. नांगर बंद झाला की स्फुरद (फॉस्फरस) खाली जात नाही. वरून टाकलेलं खत आणि कुजलेला पाला यांमुळे वरच्या दोन-तीन इंचांतच साठतं. आपल्याकडे पावसाने ऑगस्टात ताण दिला की नेमका तोच थर आधी सुकतो, मग खत असूनही पिकाला मिळत नाही. म्हणून नमुना एकच देऊ नकोस. ० ते ५, ५ ते १५ आणि १५ ते ३० सेंटिमीटर असे वेगळे दे. फरक मोठा दिसला तरच एखादी नांगरट कामाची.

मला खरी काळजी बुरशीची. मायकोरायझा म्हणजे पिकाच्या मुळांत वसणारी उपयोगी बुरशी; तिचे धागे मुळांच्या पलीकडे पसरून स्फुरद आणि जस्त ओढून आणतात. फाळ फिरला की ते जाळं तुटतं. एका नांगरटीने ती संपत नाही, मुळांच्या तुकड्यांत आणि बीजाणूंत तग धरते, पण तिला लवकर जिवंत मूळ लागतं. पाऊस पडून वाफसा आला, म्हणजे माती पेरणीजोगी ओलसर झाली, की ज्वारी किंवा तूर पेर. मोहरी नको, तिच्या मुळांत ही बुरशी वसत नाही.

नांगरटीनंतर पीक गर्द हिरवं, काळंभोर दिसेल. हुरळू नकोस, ते मातीतला सेंद्रिय कर्ब (कुजलेल्या पाल्यापाचोळ्याचा साठा) जळून मोकळं झालेलं नत्र (नायट्रोजन) आहे. पुढच्या वर्षी नांगर पुन्हा काढू नकोस.