चकमक ‘केली’ जात नाही

प्रश्न असा आहे: दोन सैन्ये चालती आहेत, एकाला दुसऱ्याचा नेमका ठावठिकाणा नाही, आणि वाटेत अचानक गाठ पडून लढाई होते. इंग्रजीत तिला ‘मीटिंग एंगेजमेंट’ म्हणतात. मराठीत काय म्हणावे? ‘चकमक’ म्हटले तर फार किरकोळ वाटेल का? आणि आपल्या सोलापूर जिल्ह्यातली आष्टीची लढाई त्यात बसते का? प्रश्नकर्त्यांनी स्वतः ‘संमुख-संघर्ष’ असा एक शब्द घडवून पाठवला आहे. तो त्यांनी कृपया परत न्यावा.

‘चकमक’च म्हणावे. पण आधी तिची सुटका करायला हवी. ‘पोलिसांनी चकमक केली’, ‘चकमकफेम अधिकारी’, ‘सभागृहात शाब्दिक चकमक रंगली’ हे ऐकून कान किटले. रंगायला ती काय मैफल आहे? आणि ‘केली’ म्हणजे काय? ठरवून केलेली चकमक ही चकमकच नव्हे. मराठीत चकमक झडते, किंवा फार तर उडते. तिला कर्ता लागत नाही, यातच तिचे सारे मर्म आहे.

शब्द तुर्की आहे. ‘चाक्’ म्हणजे आघात करणे, आपटून ठिणगी काढणे, आणि ‘माक’ हा तिथला क्रियापदाचा प्रत्यय, आपल्या ‘णे’सारखा. चाकमाक म्हणजे सरळसरळ ‘ठिणगी पाडणे’. तुर्कस्तानात आजही सिगारेट पेटवायच्या लायटरला चाकमाक म्हणतात. फारसीने शब्द उचलला, तिथून तो दखनी-हिंदीत आणि आपल्याकडे आला. काडेपेटी घरोघरी पोचण्याआधी पोलादाचा तुकडा, गारगोटी आणि कापूस एवढ्यावर चिलीम पेटत असे. ती चकमक. माणसांची झटापट हा अर्थ नंतरचा.

‘चकमक’ला चकचक, झगमग, डगमग यांच्या पंगतीत बसवून ‘अनुकरणवाचक, अर्थात देशी’ असा शिक्का मारणारे विद्वान आहेत. कान चांगले आहेत त्यांचे, डोळे मिटलेले आहेत. ‘झगमग’मधला ‘मग’ हा नुसता प्रतिध्वनी. ‘चकमक’मधला ‘मक’ हे तुर्की व्याकरण आहे. दोन शब्द यमकात बसले म्हणून ते भाऊ ठरत नाहीत. आणि तोफ, कूच, उर्दू हे छावणीतले शब्द तुर्कीतून आलेले चालतात, तर चकमकीलाच का अडवायचे? जिथल्या किल्ल्यासाठी आदिलशाही आणि निजामशाही दोन पिढ्या भांडल्या, लग्नात हुंडा म्हणून तो कबूल झाला आणि दिला गेला नाही म्हणूनही भांडल्या, त्या सोलापुरात बसून तुर्की शब्दाचे वावडे धरणे मला तरी जमणार नाही.

आता माझे लाडके मत. चकमक ‘झडते’ का? कारण मुळात ती ‘झाडतात’. पोलादावर गार झाडली की ठिणग्या झडतात. हे क्रियापद गारगोटीबरोबरच रणात आले, असे मी ठामपणे म्हणतो. कोणी म्हणेल, चौघडाही झडतो, बंदुकींच्या फैरीही झडतात. झडोत बापडे. पण बाकी कुठल्याही जागी झाडणे आणि झडणे ही जोडी इतकी चपखल बसत नाही. पुढची पायरी पाहा: चकमक झडते, मग लढाई पेटते. ठिणगी आणि आग, हा क्रम भाषेने आपल्या हाती तयार दिलेला आहे.

जाता जाता एक गंमत. तुर्की प्रजासत्ताकाच्या इतिहासात मार्शल दोनच, मुस्तफा केमाल अतातुर्क आणि फेव्झी. 1934 च्या कायद्याने सर्वांना आडनाव घेणे भाग पडले, आणि या फेव्झीसाहेबांचे आडनाव झाले चाकमाक. सेनापती चकमक! अशा माणसापुढे ‘अनुकरणवाचक’ म्हणायची कोणाची छाती आहे?

राहिला किरकोळपणाचा आक्षेप. 24 जून 1859 ला उत्तर इटलीत सोल्फेरिनोला काय झाले? ऑस्ट्रियाचे सैन्य मिन्चो नदीपलीकडे हटले, असे त्याच्याशी लढणारे फ्रेंच आणि सार्डिनियाचे लोक धरून चालले होते. प्रत्यक्षात ऑस्ट्रियन आदल्याच दिवशी नदी ओलांडून परत फिरले होते. भल्या पहाटे दोन्हींच्या आघाड्या एकमेकींवर आदळल्या, आणि दिवस मावळेपर्यंत तीन लाखांच्या आसपास माणसे लढत होती. तिथली जखमींची दैना पाहूनच आंरी द्युनां या स्विस व्यापाऱ्याला रेड क्रॉसची कल्पना सुचली. 1863 मध्ये अमेरिकेच्या यादवी युद्धात गेटिसबर्गलाही दक्षिणेचा सेनापती ली किंवा उत्तरेचा मीड यांपैकी कोणी ती जागा निवडून लढाईला उभे राहिले नव्हते. सुरुवात ठिणगीचीच. म्हणून पूर्ण नाव हवेच असेल तर ‘चकमकीतून पेटलेली लढाई’ म्हणा. लांब आहे, पण खरे आहे.

हो, आष्टी. मोहोळ तालुक्यातली, बीडकडची नव्हे. 20 फेब्रुवारी 1818. ती यात बसत नाही. दुसरा बाजीराव पुढे पळत होता, इंग्रजांचा जनरल स्मिथ माग काढत मागे होता. पेशव्यांचे सेनापती बापू गोखले पाठ राखायला उलटून उभे राहिले आणि पडले; बाजीराव निसटला; साताऱ्याचे छत्रपती प्रतापसिंह इंग्रजांच्या हाती आले. इथे गाठ पडली नाही, गाठले गेले. एक सैन्य दुसऱ्याला शोधतच होते. तेव्हा ‘आष्टीची चकमक’ असे कोणी म्हणाले तर खुशाल टोका, आणि मी सांगितले म्हणूनही सांगा.