चॅटबॉटला विचारून जुन्या गूढ मृत्यूचा छडा लागतो का?

तुम्ही विचारलंय की उकल न झालेल्या मृत्यूंचा तपास एआय चॅटबॉट घेऊन घरबसल्या करता येईल का. वाचून हसू आलं, कारण हाच उद्योग मी गेल्या पावसाळ्यात महिनाभर केलाय.

मी कोल्हापूरचा, त्यामुळं केस पण घरचीच घेतली, कोल्हापूरचे छत्रपती चौथे शिवाजी महाराज. २५ डिसेंबर १८८३ ला अहमदनगरच्या किल्ल्यात इंग्रजांच्या नजरकैदेत असताना वारले, वय अवघं वीस. इंग्रजांचं म्हणणं महाराज वेडे होते, ग्रीन नावाच्या गोऱ्या शिपायाबरोबर झटापट झाली, त्यात पडले आणि प्लीहा फुटली. आमच्या पेठेत कुणाही म्हाताऱ्याला विचारा, एका शब्दात सांगतोय, मारलं.

तर मी आधी विचारलं, "ग्रीननं मारलं याचे पुरावे दे", गड्यानं सात मुद्दे काढून दिले. मग नवीन चॅट उघडून विचारलं, "हा अपघातच होता ना?", तर तेवढ्याच थाटात अपघाताचे सात मुद्दे! म्हणजे आपण जिकडं कलतो तिकडंच हे कलतंय. वर एका पुस्तकाचं नाव, पान नंबरसकट दिलं, ते घेऊन मी करवीर नगर वाचन मंदिरात गेलो, दोन दिवस शोधलं, असलं पुस्तकच नाही. पुढचा शब्द कुठला शोभेल एवढंच ते बघतं, त्यामुळं संदर्भ पण शोभेलसाच बनवून देतं, मुद्दाम खोटं बोलत नाही बिचारं. मोडीतल्या एका पानाचा फोटो दिला तर झोकात देवनागरी करून दिली, मोडी येणाऱ्या काकांना दाखवली तर म्हणाले पहिल्या दोन ओळी सोडल्या तर बाकी सगळं मनचं आहे.

आणि याच प्रकरणात बघा, महाराजांच्या मृत्यूआधी कारभारी माधवराव बर्वे त्यांचा छळ करतात म्हणून केसरी आणि मराठात लिहून आलं, पुराव्याला बर्व्यांची म्हणून पत्रं होती. बर्व्यांनी अब्रुनुकसानीचा खटला घातला, पत्रं बनावट निघाली, आणि १८८२ मध्ये टिळक-आगरकरांनी डोंगरीच्या तुरुंगात १०१ दिवस काढले. टिळक-आगरकरांसारखी माणसं कागदावर फसली तिथं तुमची-आमची काय कथा, आणि हे यंत्र तर असले कागद मिनिटाला चार छापतंय.

मग बिनकामाचं आहे का, तर तसंही नाही. हातात खरे कागद असले की त्यातनं तारखा क्रमानं लावून घ्यायला, दोन बातम्यांतली विसंगती दाखवायला, जुन्या इंग्रजीचा अर्थ सांगायला लई उपयोग होतो. पण मृत माणसाबद्दल नवीन माहिती त्यातनं येत नाही, ती वस्तूतनं येते. ऑस्ट्रेलियात ॲडलेडजवळच्या सॉमरटन किनाऱ्यावर १ डिसेंबर १९४८ ला एक अनोळखी प्रेत सापडलं, २०२२ मध्ये डेरेक ॲबट या प्राध्यापकांनी तो कार्ल वेब असल्याचं सांगितलं, ते कशावरनं, तर प्रेताच्या प्लास्टरच्या मुखवट्यात अडकलेल्या केसांच्या डीएनएवरनं. मेला कसा ते मात्र त्यातनंही कळलं नाही.

माझ्या केसचं म्हणाल तर, पुढं त्या ग्रीनचं काय झालं हे चॅटबॉटला तीनदा विचारलं, तीन वेगळी उत्तरं आली. तिन्ही खोडून प्रश्न तेवढा वहीत ठेवलाय, नगरला जाईन तेव्हा बघू.