मोगऱ्याला कात्री

अनेक आशीर्वाद.

कुंडीतला मोगरा हिरवागार आहे, पण फूल एकही नाही, असं तू लिहिलंस. सगळ्यात आधी एकच: युरिया बंद कर. त्यातलं नत्र (नायट्रोजन) जास्त झालं की मोगरा पानांतच रमतो.

ज्ञानेश्वरांच्या ‘मोगरा फुलला’ अभंगात फुलं वेचता वेचता कळ्यांना बहर येतो. अर्थ अध्यात्माचा, पण निरीक्षण अस्सल बागेतलं. फांदीचं टोक हातात धरून बघ. कळ्या बहुधा तिघी असतात आणि मधली आधी फुलते. ती नखाने देठाशी खुडायची, शेजारणींना धक्का न लावता. तिघी खुडून झाल्या की त्यांच्या खालच्या पानांच्या जोडीच्या जरा वर कात्री लाव. पानं समोरासमोर असल्यामुळे दोन्ही बगलांतून फूट निघते, आणि मोगरा फुलतो तो नव्या फुटीवरच. जुन्या फांद्या जपत बसलं की बहर अडतो.

मोठी छाटणी जानेवारीअखेर. आधी आठ-दहा दिवस पाणी तोडून ताण दे, पानं ओरबाडून काढ, मग फांद्या निम्म्यावर आण. जीव कासावीस होईल, होऊ दे. बारा इंची कुंडीतली वरची दोन इंच माती उकरून दोन ओंजळी शेणखत मिसळ. ते पूर्ण कुजलेलंच हवं, कच्च्याने मुळं भाजतात. मग भरपूर पाणी. पाच-सहा तास थेट ऊन नसेल, तर या सगळ्या खटाटोपाचा उपयोग नाही.

पान पिवळं आणि शिरा हिरव्या दिसल्या तर लोह कमी पडतंय. बोअरच्या क्षारयुक्त पाण्यावर हे नेहमीचंच. लिटरभर पाण्यात 5 ग्रॅम हिराकस (फेरस सल्फेट) विरघळवून संध्याकाळी पानांवर फवार. कळ्या जांभळट पडून न उमलताच वाळल्या तर आत अळी असते. त्या खुडून कुंडीत न टाकता नष्ट कर आणि लिटरला 5 मिली कडुनिंबाचं तेल, थोडं साबणाचं पाणी घालून, फवार.

आणि हो, अभंगातला वेल गगनावर जातो म्हणून बटमोगऱ्याला मांडव घालू नकोस. तो झुडूपच राहतो. मांडवासाठी वेली मोगरा वेगळा मागून घे.